रेस दाबण्याआधी: ताकदवान रिअर व्हील ड्राइव्ह गाडी नाशिकच्या रस्त्यांवर कशी सांभाळावी

ज्यांनी आजवर स्विफ्ट, होंडा सिटी अशा पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्या चालवल्या आणि आता ज्यांच्या दारात चारशे अश्वशक्तीची, मागच्या चाकांवर पळणारी गाडी उभी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. २०१६ मध्ये भारतात आलेली फोर्ड मस्टँग जीटी घ्या: पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, सुमारे ४०० अश्वशक्ती आणि ५१५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पिळाचा जोर. बीएमडब्ल्यू एम-२, पोर्शे ७१८ आणि ९११ कॅरेरा याच जातीतल्या. महिंद्राच्या बीई-६ वाल्यांनीही वाचायला हरकत नाही. मोठ्या बॅटरीच्या बीई-६ मध्ये २८६ पीएस (अश्वशक्तीच म्हणा) आणि ३८० न्यूटन-मीटर आहे, आणि ते सगळं मागच्याच चाकांना जातं.

आधी एक खात्री करून घ्या. दिसायला स्पोर्ट्स, आवाजाला स्पोर्ट्स, पण ताकद चारही चाकांना, अशाही गाड्या आहेत. बीएमडब्ल्यूची एम-३४०आय आपल्याकडे तशीच मिळते. तुमची गाडी नेमकी कोणती, हे गाडीसोबतच्या पुस्तकात बघा. शोरूममधला पोरगा घाईत काहीही सांगतो.

तसं रिअर व्हील ड्राइव्ह नाशिकला नवं नाही. महिंद्राच्या आपल्या कारखान्यातून बोलेरो आणि स्कॉर्पिओ कित्येक वर्षं बाहेर पडल्या, त्यांची ताकद मागच्याच चाकांना. पावसाळ्यात बाजार समितीच्या गेटवर चिखलाच्या चढाला रिकामी पिकअप जागच्या जागी चाक फिरवत उभी राहते. तीच गाडी कांद्याच्या गोण्या भरल्यावर निमूट चढते. चाकावर वजन असेल तर पकड, नाहीतर नाही. तुमच्या गाडीत मागच्या चाकांवर वजन पुरेसं असतं, पण इंजिन इतकं जोरकस असतं की ते वजनही अपुरं पडतं.

हिशेब एकदा मांडून बघा

समजा गाडी १७०० किलोची, टॉर्क ५०० न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरची पेटी) मिळून तो टॉर्क साधारण बारा पट होतो, म्हणजे ६००० न्यूटन-मीटर. चाकाची त्रिज्या ३४ सेंटिमीटर धरली आणि वाटेतली घट वजा केली, तर मागची दोन चाकं रस्त्याला जवळजवळ दीड हजार किलोच्या जोराने मागे ढकलू शकतात.

आता रस्ता किती सहन करतो ते पाहा. गाडीचं निम्मं वजन मागे, म्हणजे ८५० किलो. वेग घेताना वजन मागे सरकतं, त्याचे आणखी दीडशे धरा, झाले हजार. कोरडं चांगलं डांबर या हजारातले नऊशेच्या आसपास झेलतं. ओलं डांबर पाचशे झेललं तरी खूप. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये रेस तळाला लावली, तर कोरड्यात पकडीच्या दीडपटीहून जास्त आणि ओल्यात तिप्पट जोर चाकांवर येतो. उरलेला जोर जाणार कुठे? चाक गरगर फिरण्यात.

याच हिशेबाची दुसरी बाजू कामाची आहे. तिसऱ्या गिअरमध्ये तो जोर निम्म्यावर, सातशेच्या आसपास येतो. कोरड्या रस्त्याला तो पेलतो, ओल्याला अजूनही पेलत नाही. पावसात वरचा गिअर वापरा हा सल्ला सगळे देतात, त्यामागचं कारण हे. आणि फक्त तेवढ्यावर विसंबू नये याचं कारणही हेच.

आणखी एक गोष्ट. पकड सगळ्यात जास्त असते तेव्हा चाक रस्त्याला अगदी चिकटून फिरत नसतं. कोरड्या डांबरावर चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा साधारण दहा ते वीस टक्के जास्त असताना टायर सर्वात जास्त ओढतो. त्यापुढे पकड घसरत जाते आणि टायर नुसता रबर जाळतो. त्यामुळे थोडंसं घसरणं हा दोष नाही. पण त्या टप्प्यावरून पुढे जायला वेळ लागत नाही, आणि एकदा चाक सुटलं की ते परत धरायला आधी होता त्यापेक्षा कमी जोर द्यावा लागतो.

या गाडीत रेस किती दाबली हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न ती किती पटकन दाबली, आणि तितकाच महत्त्वाचा, किती पटकन सोडली. टायर हळू आलेला बदल सोसतो. पुढचं सगळं याच धाग्यावर आहे.

पहिलं काम टायरांचं

ड्रायव्हिंगच्या क्लृप्त्या शिकण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. रस्त्याला टेकणारा टायरचा भाग प्रत्येकी तळहाताएवढा, आणि वर सांगितलेला सगळा हिशेब त्यातल्या मागच्या दोनांवर चालतो.

टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. हौसेच्या गाड्या वर्षाला दोन-चार हजार किलोमीटर फिरतात, बाकी वेळ पार्किंगमध्ये असतात. नक्षी नवी दिसते आणि रबर आतून कडक झालेलं असतं. सहा वर्षांचा, भरपूर नक्षीचा टायर विकणारा माणूस तुम्हाला ‘टायर नव्वद टक्के’ म्हणून सांगेल. टक्के नक्षीचे असतात, पकडीचे नाहीत. सेकंडहँड घेताना टायरांचा खर्च किमतीत धरूनच भाव करा.

नक्षी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते. नाशिकच्या पावसात, आणि त्यातही इगतपुरीच्या बाजूला नेहमी जात असाल तर, मी तीन मिलिमीटरवर टायर बदलायला सांगेन. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, इगतपुरीत तीन हजारांच्या पुढे. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरमध्ये हवामान इतकं बदलतं. आणि मागच्या दोन टायरांची जोडी एकाच कंपनीची, एकाच नमुन्याची हवी. एक पंक्चर होऊन फाटला म्हणून एकच, तोही दुसऱ्या कंपनीचा टाकला, तर दोन चाकं वेगवेगळ्या क्षणी सुटतात. गाडी सरळ रस्त्यावरही तिरकी ओढते.

हवा थंड टायरमध्ये मोजायची, दाराच्या चौकटीवरच्या पाटीप्रमाणे. पंपावरचा मुलगा ‘पस्तीस टाकू?’ विचारेल. त्याला पाटीवरचा आकडा सांगा, पुढचा वेगळा आणि मागचा वेगळा. तापमान दहा अंशांनी उतरलं की हवा साधारण दीड ते दोन पीएसआयने कमी होते. मेच्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे पाच पीएसआयने खाली असू शकते. नायट्रोजन भरा किंवा साधी भरा, फार फरक पडत नाही. मोजत राहा, हे महत्त्वाचं.

थंडीचा मुद्दा नाशिककरांनी हलक्यात घेऊ नये. या गाड्यांना येणारे जास्त पकडीचे उन्हाळी टायर सात अंशांच्या खाली कडक होतात. मुंबईत हा प्रश्नच नाही. पण निफाडचा पारा हिवाळ्यात पाच-सहा अंशांवर आणि कधी त्याखालीही उतरतो. सकाळी सहाला गाडी काढून निफाड-येवल्याच्या बाजूला निघालात, तर पहिले काही किलोमीटर रस्ता कोरडा असूनही टायर ओल्यासारखे वागतील. इंजिनचा काटा मध्यावर आला म्हणजे टायर तापले असं नाही.

बसणं आणि पाय

हे पटकन सांगतो, पण टाळू नका. सीट इतकी पुढे घ्या की ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर पोहोचलं पाहिजे. उजव्या पायाची टाच जमिनीला टेकलेली, आणि दाबायचं काम फक्त चवड्याचं. टाच हवेत असेल तर रस्त्यातला प्रत्येक खड्डा तुमच्या पायामार्फत रेसवर उमटतो, आणि खड्डे आपल्याकडे कमी नाहीत. चप्पल घालून ही गाडी चालवू नका. जाड सोलचे बूटही नकोत.

मग एक सराव, रोजच्या जाण्यायेण्यातच करता येणारा. रेस दाबताना मनात एक-दोन-तीन मोजा आणि तीनला जेवढी हवी तेवढी दाबलेली असू दे. सोडतानाही तसंच. कसोटी सोपी आहे: शेजारी बसलेल्याची मान मागे किंवा पुढे हलता कामा नये. हे कंटाळवाणं वाटेल, पण पुढचं सगळं याच पायावर उभं राहणार आहे.

ट्रॅक्शन कंट्रोलच्या बटणाला हात लावू नका, पण ते काय करतं ते समजून घ्या

चाकांचा वेग मोजणारे सेन्सर असतात. मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त फिरायला लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनची ताकद कमी करतं आणि फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं. स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएसपी, त्याच्या पुढचं काम करतं. स्टिअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात कुठे चालली आहे हे ताडून एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक देतं. हे ईएसपी बॉशने १९९५ मध्ये मर्सिडीझच्या एस-क्लासमधून बाजारात आणलं. त्याच बॉशचा कारखाना आपल्याकडे सातपूरला आहे, तिथे मात्र काम डिझेलच्या इंजेक्शनचं. आपला त्याच्याशी संबंध इतकाच, पण सांगायला बरं वाटतं.

डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चिन्ह लुकलुकलं, म्हणजे यंत्रणेने तुमच्या पायाची चूक सुधारली. पहिल्या महिन्यात हे चिन्ह कधी लुकलुकतं ते लक्षात ठेवा: कोणत्या वळणावर, कोणत्या गिअरमध्ये, पाऊस होता की नव्हता. याच्याइतका प्रामाणिक शिक्षक मिळणार नाही. चिन्ह आठवड्याभरात एकदाही लुकलुकलं नाही तर तुमचा पाय तयार होतोय.

बटण एकदा दाबलं की बऱ्याच गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल फक्त सैल होतं, आणि धरून ठेवलं की सगळंच बंद होतं. स्पोर्ट, ट्रॅक, एम डायनॅमिक अशा मोडमध्ये यंत्रणा उशिरा हात घालते आणि जास्त घसरू देते. त्याउलट ओल्या रस्त्याचा मोड असेल, तर तो रेसचा प्रतिसाद मवाळ करतो. पावसाळ्याचे चार महिने तो लावून टाका. त्यात कमीपणा काही नाही. ही सगळी यंत्रणा पकड निर्माण करत नाही, असलेली वाटून देते. गोटा झालेल्या टायरवर तीसुद्धा हतबल आहे.

डिफरन्शियलकडेही एकदा पाहा. साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाला पकड नाही त्या चाकावरून ताकद निसटते. एक चाक पाण्यात किंवा मातीत असेल तर तेच फिरतं, दुसरं नुसतं बघत बसतं. मस्टँग जीटीसारख्या गाड्यांत लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असतं, ते दोन्ही चाकांना कामाला लावतं. फायदा मोठा, पण ओल्यात जास्त रेस दिली तर दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि गाडीचा मागचा भाग लगेच बाजूला जातो. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत एकच चाक फिरून प्रकरण मिटतं.

निघताना

मॅन्युअल असेल तर क्लच पकडतो तो बिंदू आधी शोधा. इंजिन हजार-पंधराशे फेऱ्यांवर ठेवून क्लच हळू सोडा, गाडी हलली की मग रेस. व्ही-८ला एवढ्यात निघायला काही त्रास होत नाही. ओल्यात दुसऱ्या गिअरमध्येही निघता येतं, क्लच फक्त जास्त वेळ घासत ठेवू नका. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक सोडा, गाडी स्वतः सरपटू लागेल, त्यानंतर रेस.

सगळ्यात जास्त वेळा चाक फिरतं ते मात्र सरळ रस्त्यावर नाही. गंगापूर रोडला एखाद्या कॉलनीच्या गल्लीतून डावीकडे वळून मुख्य रस्त्यावर यायचंय. वाहतूक चालूच आहे, दोन गाड्यांमध्ये जरा फट दिसली आणि तुम्ही रेस दाबली. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं, वळणाच्या आतल्या बाजूच्या मागच्या चाकावर वजन कमी, गल्लीच्या तोंडाशी वाळू आणि मुरूम. चाक फिरतं, यंत्रणा ताकद तोडते, गाडी रस्त्याच्या मधोमध अडखळते आणि मागून बस येत असते. इथे दोन सवयी लावून घ्या. फट आधीच्या गाडीसाठी लागायची त्यापेक्षा मोठी बघा. आणि गाडी रस्त्याला समांतर होऊन स्टिअरिंग बरंचसं सरळ झाल्याशिवाय रेस वाढवू नका. ताकद इतकी आहे की तुम्ही सेकंदभर उशिरा सुरू केलं तरी वेगात मिसळता.

टर्बो इंजिन असेल तर आणखी एक भान ठेवा. रेस दाबल्यावर क्षणभर काही होत नाही, म्हणून माणूस आणखी दाबतो, आणि मग सगळा टॉर्क एकदम येतो. तो क्षणभर थांबायला शिका. इलेक्ट्रिकमध्ये उलट, टॉर्क शून्यापासून हजर असतो. मोटरवरचं नियंत्रण चपळ असल्याने चाक फार सुटत नाही. पण पाय उचलल्यावर रीजनरेशनचा, म्हणजे वेग कमी करत बॅटरी भरणारा, ब्रेकही मागच्याच चाकांना लागतो, तेव्हा पावसात त्याची पातळी कमी ठेवा.

वळणात

मागच्या टायरांची पकड म्हणजे ताटातली एकच भाकरी. वळणाने अर्धी खाल्ली तर रेससाठी अर्धीच उरते. स्टिअरिंग जितकं वळलेलं, तितकी रेस कमी. स्टिअरिंग जितकं सरळ होत जाईल, तितकी रेस वाढवत जा. हात आणि पाय एकमेकांना बांधलेले आहेत असं समजा.

वणीच्या सप्तशृंग गडाचा, नांदुरीहून वर जाणारा घाट डोळ्यासमोर आणा. केसाच्या पिनेसारखी वळणं, चढ, एका बाजूला कडा. क्रम असा: वळणाआधी, गाडी सरळ असतानाच ब्रेक लावून वेग पुरता कमी करा. गिअर आधीच खाली घ्या. मग वळा, रेस फक्त वेग टिकवण्याइतकी. वळणाचं पुढचं टोक दिसलं, हात उलगडायला लागले, की त्याच गतीने पाय दाबा. घाटात समोरून येणारी एसटी अर्धा रस्ता तुमच्याकडे घेऊन येते. तेव्हा रेषा कापायचा मोह पूर्ण सोडा आणि आपल्या लेनमध्येच राहा.

ऑटोमॅटिकवाल्यांना इथे एक खास धोका आहे. चढाच्या वळणात मध्येच रेस जास्त दाबली की गिअरबॉक्स दोन गिअर खाली उतरतो आणि मागच्या चाकांवर जोर अचानक दुप्पट होतो, तोही नेमका वळणाच्या मध्यावर. घाटात मॅन्युअल मोड लावा आणि स्टिअरिंगमागच्या पॅडलने तिसरा किंवा दुसरा गिअर धरून ठेवा.

आता उतार. कसारा उतरताना लोक रेसला घाबरतात, पण गाडी सुटते ती बऱ्याचदा रेस सोडल्याने. वळणात वेग जास्त वाटला म्हणून पाय एकदम उचलला, की वजन झटकन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी मागून झोल खाते. मॅन्युअलमध्ये ओल्या रस्त्यावर गिअर खाली घेऊन क्लच झटक्यात सोडला तर इंजिनचा ब्रेक मागच्याच चाकांना लागतो आणि तीच गत होते. खालचा गिअर टाकताना रेसचा छोटा धक्का देऊन इंजिनच्या फेऱ्या जुळवून घ्या, किंवा क्लच सावकाश सोडा. वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटला तर पाय हळूहळू उचला, स्टिअरिंग आहे तिथे धरा. बहुतेक वेळा टायर तेवढ्याने सावरतात.

पाऊस, चिखल आणि आपले रस्ते

मृगाच्या पहिल्या सरींचा दिवस वर्षातला सर्वात निसरडा. उन्हाळाभर साठलेली धूळ, तेल आणि टायरांचं रबर यांचा पातळ लेप तयार होतो. जोराचा पाऊस पडून रस्ता धुतला गेला की पकड थोडी परत येते. त्यामुळे अर्ध्या तासाची भुरभुर ही मुसळधारेपेक्षा फसवी. घाटाच्या वळणांवर ट्रकांतून सांडलेलं डिझेल असतं. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा रंग दिसला की तिथे रेस, ब्रेक, स्टिअरिंग काहीच बदलू नका, आहे तसं पार व्हा.

दिंडोरी, निफाडच्या रस्त्यांवर शेतातून बाहेर येणारे ट्रॅक्टर चाकांना लागलेली काळी माती डांबरावर टाकत येतात. कोरडी असताना ती नुसती ढेकळं, पण दवाने किंवा पावसाने भिजली की अगदी निसरडी. बांधावरून रस्त्याला मिळणारी वाट दिसली, ट्रॅक्टरच्या टायरचे ठसे दिसले, की पाय आधीच हलका करा. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात जिथे रस्ते खणलेत तिथे खडी आणि मुरूम. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, मॅनहोलची लोखंडी झाकणं, उड्डाणपुलाचे सांधे, पेव्हर ब्लॉक, सगळे ओले झाले की डांबरापेक्षा कितीतरी गुळगुळीत. सिग्नलला पहिल्या रांगेत उभे असाल तर मागची चाकं पट्ट्यावर आहेत का बघा. असतील तर पट्टा ओलांडेपर्यंत रेस नाही.

समृद्धी महामार्गाचं प्रकरण वेगळं. रस्ता सिमेंटचा, सरळ, वेगमर्यादा गाड्यांना १२०, आणि गाडी त्या वेगाला पेंगत असते. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, त्यात कसाऱ्याजवळ सुमारे पावणेआठ किलोमीटरचा बोगदा आहे. पावसाळ्यात बोगद्यात रस्ता कोरडा, आणि बाहेर पडल्याबरोबर पाणी. बोगद्याचं तोंड दिसायला लागलं की वेग आधीच उतरवा. बाहेर येताना पाय स्थिर, स्टिअरिंग सरळ. पाण्याचा थर जाड असेल तर चांगल्या टायरची गाडीसुद्धा ऐंशी-नव्वदच्या पुढे तरंगायला लागते, आणि आपल्या गाड्यांचे रुंद टायर अरुंद टायरांपेक्षा लवकर तरंगतात. स्टिअरिंग एकदम हलकं लागलं, इंजिनच्या फेऱ्या विनाकारण चढल्या, की गाडी पाण्यावर आहे. पाय हळू उचला, ब्रेक नको, स्टिअरिंग सरळ, आणि टायर पुन्हा टेकेपर्यंत थांबा. पावसात क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप टिकवणारी यंत्रणा, बंद ठेवा. तरंगतानाही ते रेस देत राहू शकतं.

सुटलीच तर

सरळ रस्त्यावर मागची चाकं फिरली: रेस थोडी मागे घ्या, पूर्ण सोडू नका. ब्रेक नको. मॅन्युअलमध्ये वरचा गिअर टाकता आला तर उत्तम.

वळणात मागचा भाग बाहेर गेला: नजर जिथे जायचंय तिथे ठेवा, कठड्याकडे नाही. हात नजरेमागे जातात. मागची बाजू उजवीकडे गेली तर स्टिअरिंग उजवीकडे, डावीकडे गेली तर डावीकडे, लगेच आणि जेवढं लागेल तेवढंच. पाय हळू मागे. गाडी सावरायला लागल्याबरोबर स्टिअरिंग तितक्याच चपळाईने सरळ करा. नवखी माणसं पहिला झोल सावरतात आणि दुसऱ्यात जातात, कारण गाडी परत आली तरी हात वळलेलेच राहतात.

गाडी अर्ध्याहून जास्त फिरली आणि आता सावरत नाही असं कळलं: ब्रेक पूर्ण, मॅन्युअल असेल तर क्लचही पूर्ण, आणि गाडी थांबेपर्यंत दोन्ही दाबून ठेवा. चाकं मोकळी सोडली तर गाडी मध्येच पकड घेऊन भलत्याच दिशेला उसळते.

सराव कुठे

हे तीन परिच्छेद वाचून येत नाहीत, अंगात मुरवावे लागतात. पण कॉलेज रोड, त्र्यंबक रोड किंवा रात्रीचा रिकामा हायवे ही त्याची जागा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंग आणि कलम १८९ खाली रस्त्यावरची शर्यत हे दोन्ही गुन्हे आहेत, दोन्हींत तुरुंगवासाची तरतूद आहे. चौकात टायर जाळून धूर काढणाऱ्यांना गाडी येते असं मला कधी वाटलेलं नाही. उभ्या गाडीचं चाक फिरवायला कौशल्य लागत नाही.

सुरुवात गो-कार्टने करा. हसू नका. कार्टला ताकद मागच्या चाकांना, मागचा आस अखंड, आणि मागची बाजू सुटण्याची जाणीव कमी वेगात, कमी पैशात मिळते. त्यानंतर मालकाच्या परवानगीने एखादं मोठं, मोकळं, कठडे-खांब-झाडं नसलेलं पक्कं आवार मिळवा. टँकरने पाणी मारून तीस मीटर व्यासाचं वर्तुळ चार शंकूंनी आखा. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी वीस-पंचवीसने फिरत राहा, सगळी यंत्रणा चालू ठेवून. मग रेस अगदी हळू वाढवा. एका क्षणी पिवळं चिन्ह लुकलुकेल. तो क्षण येण्याआधी पाठीला, बुडाला काय जाणवलं ते टिपा: मागची बाजू किंचित हलकी होते, स्टिअरिंग थोडं कमी लागतं. तीच खूण घाटात कामाला येते. ती ओळखू यायला लागल्यावर स्पोर्ट मोडमध्ये तेच पुन्हा करा. यंत्रणा पूर्ण बंद करायची वेळ शेजारी जाणता प्रशिक्षक बसल्यावरच.

खरा ट्रॅक हवा तर नाशिकहून आग्रा हायवेने पुढे, इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे, ११.३ किलोमीटरच्या हायस्पीड ट्रॅकसाठी ओळखलं जाणारं. तो मुळात गाड्यांच्या चाचण्यांचा सरकारी तळ, त्यामुळे आयोजित कार्यक्रमातूनच जायचं. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोईंबतूरचं कारी हेही आहेत. या गाड्यांच्या कंपन्याही अधूनमधून ग्राहकांसाठी ट्रॅकवर प्रशिक्षण ठेवतात. गाडी त्यांची, टायर त्यांचे, शेजारी प्रशिक्षक. पहिल्यांदा तिथेच जा.

स्वतःची गाडी नेणार असाल तर विम्याचा कागद आधी वाचा. शर्यत आणि वेगाच्या चाचण्यांत झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत धरत नाहीत. ब्रेक ऑइल नवं करून घ्या, चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा. ट्रॅकवर टायर तापून हवा चढते म्हणून लोक ती मध्येच कमी करतात. परत निघण्याआधी टायर पुरते थंड होऊ द्या आणि हवा पुन्हा दाराच्या पाटीवरच्या आकड्यावर आणा, नाहीतर चांदवडपर्यंत कमी हवेच्या, गरम टायरांवर हायवे काटावा लागेल.